आतून कडी

त्या खोलीचं आता न्हाणीघर झालंय. पांढऱ्या फरश्या, गुलाबी बादली, चकचकीत नळ. गेल्या महिन्यात पुतण्याकडे, आमच्या जुन्या घरी, जेवायला गेलो होतो. हात धुवायला म्हणून आत गेले आणि तशीच उभी राहिले. कोनाडा तेवढा त्यांनी ठेवलाय. त्यात दात घासायचे ब्रश आणि शाम्पूच्या पुड्या. मी दार लावलं आणि आतून कडी घातली. आमच्या वेळी या दाराला आतून कडी नव्हती. होती ती बाहेरून.

थोड्या वेळानं शिल्पा दार वाजवायला लागली.

"आजी, पडलीस का?"

"पडले नाही. उभी आहे."

"मग काय करतेस एवढा वेळ?"

"काही नाही."

शिल्पा माझ्या धाकट्याची मुलगी, सहावीत आहे. रहस्यकथा वाचून वाचून तिला 'काही नाही' या उत्तराचा संशय येतो. मी बाहेर आले तर तिनं आत जाऊन कोनाडा, नळ, खिडकी, सगळं पाहून घेतलं. तपास करायची सवय तिला मीच लावली. माझ्या डोळ्यांना आता अक्षर दिसत नाही. मुलगा-सून कामावर जाताना जाळीच्या दाराला बाहेरून कुलूप लावून जातात, कारण एकदा मी दूध गॅसवर विसरले. दुपारी शिल्पा शाळेतून येते, कुलूप काढते, हातपाय धुते आणि वाचायला बसते. मी लसूण सोलत ऐकते. एका बैठकीत तीन-चार प्रकरणं होतात. मधेच ती थांबून विचारते, "खून कुणी केला सांग." मी सांगते. बहुतेक चुकतं.

रिक्षातून घरी येताना तिनं माझा पिच्छाच पुरवला. तेव्हा गोष्ट सांगायला घेतली, ती आमच्या घरी पोचलो तरी संपली नव्हती.

ती खोली म्हणजे बाहेर बसायची खोली. आताच्या मुलींना हे सांगावं लागतं. महिन्याचे ते तीन दिवस बाईनं घरात यायचं नाही, कशाला शिवायचं नाही, तिला कुणी शिवायचं नाही. परसाच्या टोकाला ती खोली होती. शेणानं सारवलेली, अंधारी, एका अंगाला हातभर खिडकी. त्या खिडकीतून दुपारीच काय तो उजेड येई. खाली घोंगडी, कारण लोकरीला विटाळ नाही म्हणत. एक पितळी तांब्या, एक ताटली, दोन्ही तिथलीच. जेवण वरून वाढायचे. भाकरी पडल्याचा पट्ट असा आवाज व्हायचा. सासूबाई जाताना बाहेरून कडी लावायच्या. कुत्रं शिरतं, म्हणायच्या. कुत्रं मी कधी पाहिलं नाही.

मी चौथी पास होते. पाचवीला बसवायचं तर लग्न लावून दिलं. आमचे हे गिरणीच्या कचेरीत कारकून. सकाळी भोंगा झाला की जायचे, संध्याकाळचा भोंगा झाला की यायचे. ते फारसं बोलत नसत. बोलायची त्यांना गरजच पडत नसे. घर सासूबाईंचं होतं. पाणी किती काढायचं, चूल कधी विझवायची, मी हसायचं किती, हे त्यांच्याकडे. सोलापूरचं ऊन तुम्हाला माहीत आहे. उन्हाळ्यात आडाचं पाणी तळाला जायचं आणि घागर मातीला घासल्याचा आवाज यायचा. त्या दिवसांत एकेका तांब्याला सासूबाईंची परवानगी लागे.

खिडकीपलीकडे कमरेएवढी भिंत, आणि भिंतीपलीकडे नीलव्वा. ती लिंगायत. नवरा गेलेला, मुलगा लहान. शेंगांची चटणी कुटून बाजारात विकायची. दुपारभर तिचं उखळ चालू असे. धप, धप, धप. भाजलेल्या शेंगांचा, लसणाचा, लाल मिरचीचा वास त्या खिडकीतून आत यायचा. आमच्या घरात लसूण येत नव्हता. मी तो वास पोटभर घ्यायची. शिंका यायच्या, तरी घ्यायची.

पहिल्यांदा ती भिंतीवरून आत डोकावली तेव्हा मी रडत होते. कशासाठी ते आता आठवत नाही.

"अय्यो, कोंडून घातलंय व्हय गं तुला?" ती म्हणाली आणि खिडकीतून हात घालून माझ्या डोक्यावर ठेवला.

"शिवू नका!" मी मागं सरकले.

"काय हुतंय? आमच्यात न्हाय असलं. आमच्या अंगावर लिंग हाय, इटाळ कशाला येतोय जवळ?" आणि मग म्हणाली, "वाचाया येतं का तुला?"

तिचा भाऊ कुर्डुवाडीला रेल्वेत डबे झाडायच्या कामावर होता. उतारू लोक विसरून गेलेल्या वस्तू, ज्यांना मालक सापडत नाही, त्यातलं काहीबाही तो बहिणीला आणून द्यायचा. एकाच पायाचा बूट. मोडकी छत्री. आणि पुस्तकं. नीलव्वाला अक्षर येत नव्हतं. पुस्तकाच्या पानांत ती चटणीच्या पुड्या बांधायची. एक जाडजूड पुस्तक तिनं ठेवून दिलं होतं, कारण त्यात एक चित्र होतं. पलंगावर माणूस मेलेला आणि दार आतून बंद.

"ह्या माणसाचं काय झालं ते मला कळाया पायजे," ती म्हणाली. "लई दिवस जिवाला घोर लागलाय."

पुस्तकाची पहिली पानं पुड्यांत गेली होती, म्हणून नाव कळलं नाही. आजही ठाऊक नाही. ते हातात पडलं आणि त्याच दिवशी सासूबाई जेवण घेऊन आल्या.

"ते काय आहे? पोथी?" त्यांचा आवाज चढला. पोथीला विटाळशीनं हात लावणं म्हणजे घरादाराला पाप.

"नाही. कादंबरी."

त्या थोडा वेळ उभ्या राहिल्या. विचार केला. मग म्हणाल्या, "मग असू दे. कादंबरी मुळातच विटाळलेली असते. पण घरात आणायची नाही. इथं शिवलेली ती इथंच राहील."

"घोंगडीत गुंडाळून आणली तर?"

"घोंगडीला विटाळ नाही. कागदाला आहे. शहाणपण नको."

असा निवाडा झाला. पुस्तक कोनाड्यात राहिलं. तीन दिवस मी त्याच्याजवळ, आणि चौथ्या दिवशी न्हाऊन घरात गेले की खोलीला कडी. मग महिनाभर ते तिकडे आणि मी इकडे. इकडे म्हणजे चूल, जातं, धुणं, आड. दोन्हीकडे कडी होतीच. पण तिकडे मला कुणी उठ म्हणत नव्हतं.

वाचणं फार हळू चालायचं. एक तर मी बोट ठेवून वाचणारी. दुसरं, उजेड दुपारचाच. तिसरं म्हणजे नीलव्वा. तिनं मला शपथ घातली होती, "मी नसताना पान उलटलंस तर बघ." मी खिडकीशी बसून वाचायची, ती पलीकडे कुटायची. गोष्टीतला जहागीरदार आपल्या खोलीत मेलेला सापडतो. दाराला आतून कडी. चार गडी आणि घरची माणसं मिळून दार फोडतात. खिडकीला गज. आत मेलेल्याशिवाय कुणी नाही. संशय धाकट्या बायकोवर, मग पुतण्यावर, मग एका गवयावर. प्रत्येक प्रकरणाला नवा माणूस फासावर चढता चढता राहायचा.

"बायकोनं न्हाय केलं," नीलव्वा म्हणायची. "तिला एवढी सवड कुटली?"

"जहागीरदाराची बायको आहे. तिला काम नसतं."

"मग तिनंच केलं. बिनकामाची बाई काय बी करंल."

ऐन रंगात आलं की तिचं उखळ थांबायचं. धप धप बंद झाली की सगळं परस गप्प व्हायचं. सासूबाई दुपारी मागच्या ओसरीवर कलंडलेल्या असत. डोळे मिटलेले. तिथूनच त्या ओरडायच्या, "नीलव्वा, हात मोडला का गं?" मग ती घाईघाईनं दोन घाव घालायची आणि मला हळूच म्हणायची, "म्होरं वाच, तंगी." तंगी म्हणजे कानडीत धाकटी बहीण.

मी घरात असले की तिला करमायचं नाही. भिंतीवरून विचारायची, "आता कवा बसतीस गं भाईर?" सासूबाई कानांवर हात ठेवायच्या. त्यांना नातू हवा होता. माझ्यासाठी त्यांनी सोमवार धरले होते, पिंपळाला फेऱ्या घालत होत्या. दर महिन्याला मी खाली मान घालून परसाकडे निघाले की त्यांचं तोंड उतरायचं. "गेला हाही महिना," म्हणायच्या. मीही तोंड पाडायची. आत पोचल्यावर पहिला हात कोनाड्यात जायचा.

संक्रांतीनंतर सुरू केलेलं पुस्तक आषाढात शेवटाला आलं. गुप्तहेर सगळ्यांना दिवाणखान्यात जमवतो आणि म्हणतो, खुनी याच खोलीत आहे, आता मी त्याचं नाव सांगतो. तिथं उजेड गेला. तो माझा तिसरा दिवस होता.

"वाच की गं!" नीलव्वा भिंतीवर छाती टेकून ओरडली.

"दिसत नाही."

"दिवा मागून घे."

इथं दिवा कोण देणार? मी पान दुमडलं आणि पुस्तक ठेवलं.

श्रावणात मला बाहेर बसावं लागलं नाही.

आधी मला वाटलं, दोन दिवस इकडे तिकडे. मग सासूबाईंनी माझ्याकडे निरखून पाहिलं आणि गुळाचा खडा माझ्या तोंडात घातला. सगळं घर हसत होतं. आमचे हेसुद्धा एक वाक्य बोलले. मी मात्र हिशेब करत होते. नऊ महिने गर्भार, मग मूल पाजायचं, म्हणजे वर्ष-दीड वर्ष त्या खोलीचं तोंड दिसणार नाही. मी रडायला लागले. "आनंदानं रडतेय पोर," सासूबाई म्हणाल्या. त्यांना काय सांगणार? की दिवाणखान्यात सगळी माणसं जमवून ठेवलीत, आणि ती वर्षभर तशीच उभी राहणार?

नीलव्वाला कळलं तेव्हा तिनं आधी माझी दृष्ट काढली आणि मग कपाळाला हात लावला. "यव्वा, आता त्याचं कसं गं?"

माझी आई गेलेली होती, त्यामुळे पहिलं बाळंतपण सासरीच झालं. वैशाखात. आणि बाळंतिणीची खोली म्हणून घरात दुसरी जागा कुठली? तीच. सोयराचे दहा दिवस बाळंतीणही शिवायची नाही, म्हणून तिकडेच. मला कळा येत होत्या आणि मी सुइणीच्या खांद्यावरून कोनाड्याकडे बघत होते. पुस्तक होतं. वाळवी लागली नव्हती.

मुलगी झाली. सासूबाईंनी दारातूनच विचारलं, ऐकलं आणि गेल्या.

बाहेर वैशाखाचं ऊन, आत खाटेखाली शेगडी. बाळंतिणीला शेक हवा. ओवा, शेपा आणि सुइणीनं आणलेली लसणाची सालं यांची धुरी. कानात कापूस, डोक्याला फडकं गच्च बांधलेलं. खिडकीला पोतं लावलेलं, वारा लागू नये म्हणून. माझ्या अंगावरून घामाचे ओघळ चालले होते आणि मुलगी माझ्या पोटाला चिकटून कोळशासारखी गरम. श्वास घ्यायचा तर धूर येत होता. आणि वाचायचं नाही. बाळंतिणीनं वाचलं तर डोळे जातात.

दुसऱ्या दिवशी सुईण गोवऱ्या पेटवायला कागद शोधत होती. तिनं कोनाड्यातून पुस्तक काढलं आणि पुढची दोन पानं टर्रकन फाडली.

"ते नको," मी म्हटलं.

"बोलू नगं. वारं शिरतंय पोटात."

ती पुढून फाडत होती. म्हणजे माझं वाचलेलंच जळत होतं, म्हणून मी गप्प बसले. पडल्या पडल्या बघायची. जहागीरदार जळाला. दार फोडलं ते पान जळालं. धाकटी बायको चक्कर येऊन पडते ते पान आधी पिवळं झालं, मग तपकिरी, मग अक्षरं पांढरी होऊन वर आली आणि क्षणभर वाचता आली. सकाळ-संध्याकाळ पानं जात होती. गवई गेला. पुतण्या गेला. आठवडा सरला तेव्हा पुस्तक दहा-बारा पानांचं उरलं होतं आणि दुमडलेलं पान वर दिसायला लागलं होतं.

त्या दुपारी सुईण जेवायला गेली. जाताना उरलेलं पुस्तक तिनं शेगडीजवळ ठेवलं, आल्यावर लागेल म्हणून. माझा हात पोचत नव्हता. उठायला मनाई, आणि उठवतही नव्हतं. मी कानातला कापूस काढला आणि खिडकीकडे तोंड करून ओरडले, "नीलव्वा!"

उखळ थांबलं. ती परसातून आली, कडी काढली आणि सरळ आत शिरली. आधी मुलीला उचलून बघितलं. "लेक झाली व्हय. नाक तुजं हाय, बरं झालं." मग मी दाखवलं तिकडे बघितलं. "अय्यो! सगळं खाल्लं की गं हिनं!" तिनं पुस्तक उचलून माझ्या हातात दिलं, खिडकीवरचं पोतं ओढून काढलं आणि जमिनीवर मांडी घातली. "वाच."

मी वाचायला लागले. पहिलीच ओळ झाली असेल, तोच दारात सासूबाई.

"डोळे जातील! ठेव ते खाली!"

मी ठेवलं नाही.

"सांगितलेलं ऐकू येत नाही? ठेव म्हणते ना!"

"येऊन घ्या," मी म्हटलं.

त्या घरात माझ्या तोंडून असं वाक्य कधी निघालं नव्हतं. पण खरं तेच होतं. मला शिवल्या असत्या तर डोक्यावरून आंघोळ करावी लागली असती, लुगडं धुवावं लागलं असतं, आणि आडात घागर बुडेल एवढंही पाणी नव्हतं. त्यांनी उंबऱ्याकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. नीलव्वाकडे पाहिलं, ती पदरात हसत होती. मग सासूबाई उंबऱ्याबाहेर बसल्या. मी पुढं वाचलं.

खून दिवाणजीनं केलेला होता. हा दिवाणजी सबंध पुस्तकात दोनदा आला होता, दोन्ही वेळा पानाचं तबक घेऊन. त्याला पकडतात, धाकट्या बायकोची सुटका होते, पुतण्याचं लग्न ठरतं. समाप्त.

"हा मुडदा कोण?" नीलव्वा म्हणाली. "ह्याच्यासाठी वरीसभर ताटकळलो व्हय? मला वाटलं गवई असंल."

एवढ्यासाठी एवढं, असं मलाही वाटलं. मुलगी रडायला लागली, तिला घेतलं.

"आणि कडी?" उंबऱ्यापलीकडून सासूबाई म्हणाल्या.

"कसली कडी?"

"आतली. दाराला आतून कडी होती ना? माणसांना दार फोडायला लागलं ना? खिडकीला गज होते. मग हा दिवाणजी बाहेर पडला कुठून?"

ते पान मी पहिल्या महिन्यात वाचलं होतं. नीलव्वानं गालावर हात ठेवला. "अगं बया! काकू पैल्यापासनं ऐकत हुत्या की!"

"कान आहेत मला," सासूबाई म्हणाल्या. "तुम्ही दोघी भिंतीवरून ओरडता, मी काय करायचं? पण तो बाहेर कसा पडला ते बघ. लिहिलं असेल. नीट बघ."

मी उरलेली पानं पुन्हा चाळली. कुठंच नव्हतं. लिहिणारा विसरला होता.

उरलेले सोयराचे दिवस सासूबाई दुपारी उंबऱ्याशी येऊन बसायच्या. वाती वळायच्या. एकदम म्हणायच्या, "माळवदाला झरोका असेल. त्यातून चढला असेल." मी म्हणायची, बंगल्याला कौलं होती. दुसऱ्या दिवशी, "मोरीचं भोक मोठं असतं, बारीक माणूस जातो." मग, "कडीला दोरा बांधून बाहेरून ओढली असेल. दोरा भिजवून घ्यावा लागतो, नाहीतर तुटतो." कुठला गज आधी हलतो, बिजागरीचा खिळा कशानं निघतो, चौकट कुठं कुजते, हे त्या बघितल्यासारखं सांगत. त्या घरात त्या नवव्या वर्षी आल्या होत्या. मी ऐकत होते. ही बाई हा विचार आजच करत नाहीये, एवढं मला कळलं. त्याहून जास्त मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.

सोयर फिटलं. मला न्हाऊ घातलं, खोली सारवली, उरलेली पानं बंबात गेली. सासूबाई पूर्वीसारख्या झाल्या. "येऊन घ्या" म्हटल्याचं पुढं कितीतरी वर्षं मला ऐकवत होत्या. नीलव्वा मुलाबरोबर हुबळीला गेली. ते उखळ थांबलं ते थांबलंच, आणि त्या वासाची चटणी पुन्हा मिळाली नाही. मी त्या घरात आणखी चाळीस वर्षं काढली. माझ्या हाताखाली दोन सुना आल्या. त्यांना बाहेर बसवायचं मी बंद केलं, पण बाकीचं सगळं, पाण्याचं, चुलीचं, हसण्याचं, माझ्याकडे आलं होतं, आणि मी ते चालवलं.

शिल्पानं हे सगळं ऐकताना डबाभर चुरमुरे संपवले. तिला सुइणीचा राग आला. दिवाणजीचंही हसू आलं.

"आजी, दार फोडून सगळे आत गेले, तेव्हा खोलीत खूप माणसं होती?"

"होती. गडी, घरचे, सगळे."

"मग सोपं आहे की," ती म्हणाली. "तो बाहेर पडलाच नाही. आतच होता, दाराच्या मागं. दार फुटलं, सगळे आत घुसले, तो त्यांच्यातलाच एक होऊन उभा राहिला. रडला पण असेल त्यांच्याबरोबर. कोण बघतंय?"

मी लसणाची पाकळी हातात धरून तशीच बसले. सासूबाईंनी त्याला झरोक्यातून काढून पाहिला, मोरीतून काढून पाहिला, दोऱ्यानं, बिजागरीतून. एवढ्या हुशार बाईला हे सुचलं नसेल असं मला वाटत नाही. सुचलं असेल, आणि नको वाटलं असेल. त्यांना बाहेर पडायची वाट हवी होती.

"बरोबर आहे ना?" शिल्पानं विचारलं.

"बरोबर आहे," मी म्हटलं. "पुढचं पुस्तक काढ."